स्थिर जीएनएसएस पद्धतीने कंट्रोलचे जाळे : आरटीकेच्या पुढचे काम कसे शिकावे?

साखळीवाला

नमस्कार. मी सिव्हिलची पदविका घेतली असून एका खासगी मोजणी संस्थेत काम करतो. आजवर रोव्हर (फिरता उपग्रह-रिसीव्हर) हातात घेऊन आरटीके पद्धतीने, म्हणजे एका स्थिर बेस रिसीव्हरच्या आधारे जागेवरच स्थान मिळवून, बांध, रस्ते, विहिरी टिपायच्या आणि त्यांचा नकाशा तयार करायचा, एवढेच माझे काम होते. आता चांदूर रेल्वेच्या बाजूने धामणगाव रेल्वेकडे जाणाऱ्या सुमारे 25 किलोमीटर लांबीच्या बंद नलिका योजनेसाठी कंट्रोल पॉइंट (पुढील मोजणीचा आधार ठरणारे पक्के बिंदू) प्रस्थापित करण्याचे काम आमच्याकडे आले आहे. काम स्थिर जीएनएसएस पद्धतीने, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांचे संकेत एकाच जागी बराच वेळ घेऊन करावे, जाळ्याचे ॲडजस्टमेंट (सर्व मोजमापे एकत्र जुळवण्याचे गणित) करावे आणि त्याचा अहवाल द्यावा, अशी अट आहे. आमच्याकडे दुहेरी वारंवारतेचे तीन रिसीव्हर, एक टोटल स्टेशन आणि एक ऑटो लेव्हल आहे.

पूर्वतयारी म्हणून दोन खांब आरटीकेने मोजले आणि त्यांच्यातील अंतर टोटल स्टेशनने तपासले. टोटल स्टेशनवर आडवे अंतर 400.01 मीटर आले, तर यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणातील सहनिर्देशकांवरून काढलेले अंतर 400.31 मीटर निघाले. तापमान, वायुदाब आणि प्रिझमचा स्थिरांक पुन्हा पाहिला, त्यात काही चूक नव्हती. कार्यालयातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की, चार बिंदूंवर लोकलायझेशन (मोजलेले सहनिर्देशक ज्ञात बिंदूंशी जुळवून घेणे) केले की हा फरक जातो, त्याचा फार विचार करू नये. मला ते पटले नाही. हा फरक कशामुळे येतो, जाळे कसे आखावे आणि हे सगळे पद्धतशीर शिकण्याचा मार्ग कोणता, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मापिका

आपले टोटल स्टेशनही बरोबर आहे आणि रोव्हरही. दोघांनी दोन वेगवेगळ्या पृष्ठभागांवरचे अंतर सांगितले आहे, इतकेच.

यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण गुणक 0.9996 धरलेला असतो. म्हणजे तेथे किलोमीटरमागे 40 सेंटिमीटर अंतर कमी दिसते. मध्य रेखावृत्तापासून दूर जावे तसा हा गुणक वाढत जातो, साधारण 180 किलोमीटरवर तो 1 होतो आणि त्यापुढे अंतरे फुगू लागतात. पट्टा 43 हा 72 ते 78 अंश पूर्व असा असून त्याचे मध्य रेखावृत्त 75 अंश आहे. आपली योजना नेमकी 78 अंशांच्या आसपास, म्हणजे पट्ट्याच्या अगदी काठावर येते. त्या अक्षांशावर 75 अंशांपासून हे अंतर सुमारे 312 किलोमीटर भरते आणि गुणक 1.0008 च्या घरात जातो. जमिनीची उंची लंबगोलापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) सुमारे 250 मीटर धरली तर उंचीमुळे किलोमीटरमागे 4 सेंटिमीटर परत वजा होतात. उरतात 76 सेंटिमीटर. आता 400 मीटरला किती ते काढून पाहा : 30 सेंटिमीटर. आपला फरक तंतोतंत तेवढाच आहे. संपूर्ण 25 किलोमीटरला तो 19 मीटर होईल, आणि नळाच्या अंदाजपत्रकात 19 मीटर ही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नव्हे.

पट्टा 44 घेऊन सुटका होणार नाही, कारण 78 अंश हा त्याचाही काठच आहे आणि गुणक तोच येतो. उलट अर्धी योजना 43 मध्ये आणि अर्धी 44 मध्ये ठेवली, तर दोन्हींच्या ग्रिड उत्तरेत (नकाशावरील उभ्या रेषांच्या दिशेत) दोन अंशांहून अधिक फरक पडून रेखांकन मध्येच मोडेल. पुण्यात किंवा नाशिकला काम करणाऱ्यांना हा त्रास उलट दिशेने होतो, तेथे ग्रिडवरील अंतर जमिनीपेक्षा कमी भरते. त्यामुळे तिकडच्या कोणी सांगितलेला गुणक विदर्भात वापरू नये.

माझा सल्ला असा की, सल्लागारांची लेखी संमती घेऊन या योजनेपुरते स्थानिक ट्रान्सव्हर्स मर्केटर प्रक्षेपण ठरवावे. मध्य रेखावृत्त 78 अंश आणि प्रमाण गुणक 1.00004 घेतल्यास, दोन्ही बाजूंना 15 किलोमीटरपर्यंत ग्रिड आणि जमीन यांतील फरक किलोमीटरमागे 3 मिलिमीटरच्या आत राहतो. पूर्व-सहनिर्देशकाचा आरंभ मात्र यूटीएमप्रमाणे 5,00,000 ठेवू नये. 1,00,000 सारखा अगदी वेगळा आकडा घ्यावा, म्हणजे ही यादी चुकून कोणी यूटीएम समजून वापरणार नाही. अंतिम अहवालात प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश, यूटीएम आणि स्थानिक सहनिर्देशक असे तिन्ही द्यावेत.

जाता जाता एक सांगते. हेच 78 अंशांचे रेखावृत्त भारतीय भूगणिताच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा मोठा कंस याच रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेला. काम नागपूरकडे सरकत असताना 1823 मध्ये हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची कबरही तेथेच आहे. आपल्या योजनेपासून ते ठिकाण फार दूर नाही.

लंबक

मापिका यांनी अंतराचा प्रश्न सोडवलाच आहे. मी जाळ्याबद्दल लिहितो. त्याआधी लोकलायझेशनविषयी एक स्पष्ट मत : पूर्वीच्या सर्वेक्षणाशी जुळवून घ्यायचे असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे. मात्र ज्या कामात कंट्रोल आपणच निर्माण करत आहोत, तेथे त्याने चुका जात नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. चारपैकी एक खांब 5 सेंटिमीटरने चुकला असेल तर ती चूक चौघांत वाटली जाते आणि पडद्यावरचे आकडे सुरेख दिसतात.

आरटीकेमध्ये प्रत्येक बिंदू एकाच बेसपासून सुटा निघतो. तो बिंदू चुकला तर ते सांगणारे दुसरे कोणीही नसते. स्थिर पद्धतीत केवळ जास्त वेळ बसायचे असते, असा अनेकांचा समज आहे. खरा फरक वेळेचा नसून प्रत्येक बिंदूला किमान दोन स्वतंत्र मार्गांनी गाठण्याचा आहे. यातील ‘स्वतंत्र’ या अटीकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. तीन रिसीव्हर एकाच वेळी चालू ठेवले की तीन बेसलाइन (दोन रिसीव्हरना जोडणाऱ्या रेषा) मिळतात, परंतु त्यांतील दोनच स्वतंत्र असतात, तिसरी पहिल्या दोघींतूनच उपजते. त्यामुळे एकाच सत्रातील तीन बेसलाइनचा त्रिकोण मिलिमीटरमध्ये जुळला, याला तपासणी म्हणता येत नाही. तो जुळणारच. वेगवेगळ्या सत्रांतील बेसलाइन जोडून केलेले लूपच खरी माहिती देतात.

आपल्या योजनेसाठी मी दोन स्तर ठेवीन. पहिल्या स्तरात सहा-सात किलोमीटरवर एक असे चार-पाच पक्के खांब घ्यावेत आणि ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कमीत कमी तीन कॉर्स (कायम चालू असणाऱ्या जीएनएसएस) केंद्रांशी जोडावेत. त्या विभागाने भूमी अभिलेख विभागाच्या सहकार्याने राज्यात 77 कॉर्स केंद्रे उभारली आहेत आणि पोर्टलवर नोंदणी केल्यावर त्यांचा कच्चा डेटा मिळतो. केंद्र चाळीस-पन्नास किलोमीटर लांब असेल, तर सत्र किमान चार तासांचे ठेवावे. दुसऱ्या स्तरात दर दीड-दोन किलोमीटरवर एकमेकांना दिसणाऱ्या खांबांची जोडी असावी, तेथे पाऊण ते एक तासाचे सत्र पुरते. जोडीतील अंतर शंभर मीटर ठेवण्याचा मोह टाळावा. दोन्ही टोकांना 5-5 मिलिमीटरची अनिश्चितता धरली तर शंभर मीटरवर दिशेत सुमारे 15 विकलांची (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) चूक येऊ शकते. तीच जोडी चारशे मीटरची असेल तर 4 विकलांच्याही आत.

ॲडजस्टमेंट दोन टप्प्यांत करावे. आधी एकच बिंदू स्थिर धरून जाळे मोकळे सोडावे आणि आपली निरीक्षणे आपसांत जुळतात का ते पाहावे. ती जुळल्यावरच इतर कॉर्स केंद्रे स्थिर करावीत. पहिला टप्पा स्वच्छ आणि दुसरा बिघडलेला असेल, तर दोष आपल्या मोजणीत नसून धरलेल्या सहनिर्देशकांत आहे. येथेच आणखी एक खड्डा आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. आपण ऑस्पॉससारख्या ऑनलाइन सेवेकडून आजच्या तारखेचे आयटीआरएफ (जागतिक संदर्भ चौकट) सहनिर्देशक घेतले आणि शेजारी दहा वर्षांपूर्वीच्या संदर्भ-तारखेचे सहनिर्देशक स्थिर धरले, तर अर्ध्या मीटरची ओढाताण होईल. कोणता आयटीआरएफ आणि कोणती संदर्भ-तारीख, हे लिहिल्याशिवाय सहनिर्देशकांची यादी कोणाकडूनही घेऊ नये आणि कोणाला देऊही नये.

तिपाई

गणित वर आले आहे, मी फक्त शेतातल्या गोष्टी सांगतो. जाळे बिघडते ते बहुतेक वेळा अँटेनाच्या उंचीमुळे.

तिरकी उंची मोजली आणि नोंदवहीत उभी म्हणून लिहिली, हा नेहमीचा घोटाळा. तिरके अंतर 1.500 मीटर असेल आणि अँटेनाची त्रिज्या 9 सेंटिमीटर धरली, तर उभी उंची 1.497 मीटर येते. हे 3 मिलिमीटर सोसता येतील, परंतु मोजण्याची खूण आणि अँटेनाचा तळ यांच्यातील काही सेंटिमीटर सॉफ्टवेअरमध्ये दोनदा धरले गेले किंवा राहून गेले, तर ते सोसता येत नाही. म्हणून नोंदपत्रकावर ट्रायपॉड आणि अँटेना यांचे छोटे चित्र काढून, टेप कुठून कुठे लावला ते बाणाने दाखवावे. उंची सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजावी. त्याच खांबावर दुसरे सत्र घेताना ट्रायपॉड मोडून पुन्हा वेगळ्या उंचीवर लावावा. तो तसाच उभा ठेवला, तर पहिल्या सत्रातील चूक दुसऱ्यातही जशीच्या तशी उतरते आणि दोन्ही सत्रे एकमेकांना दुजोरा देत बसतात. ट्रायब्रॅकचा बबल आणि ऑप्टिकल प्लमेट कामाआधी तपासून घ्यावेत, हे सांगायला नकोच.

दुसरे सत्र दिवसाच्या वेगळ्या वेळी घ्यावे. जीपीएसच्या उपग्रहांची मांडणी रोज सुमारे चार मिनिटे आधी पुन्हा तशीच येते. त्यामुळे काल सकाळी नऊला बसलो आणि आजही नऊलाच बसलो, तर जवळपास तेच आकाश पुन्हा मिळते आणि शेजारच्या टिनाच्या छपरावरून येणारे परावर्तनही तेच.

आणखी एक गोष्ट परदेशी पुस्तिकांत ठळकपणे सापडत नाही. चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण टोकाजवळून जाते, थुंबा येथे अग्निबाण केंद्र उभारण्यामागे तेच कारण होते. त्या रेषेच्या उत्तरेला आयनांबराचा (वरच्या विद्युतभारित वातावरणाचा) जो दाट पट्टा तयार होतो, त्याची छाया आपल्याकडेही पडते. दुपारी दोन ते चारच्या सुमारास उपग्रहांच्या संकेतांना होणारा विलंब सर्वाधिक असतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत संकेत थरथरतात आणि रिसीव्हरची पकड वारंवार सुटते. लांब बेसलाइनची सत्रे पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावीत. विदर्भातील उन्हाळ्यात हे माणसांनाही मानवते.

साखळीवाला

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मापिका ताईंच्या आकड्यांप्रमाणे दुसऱ्या एका 250 मीटरच्या जोडीवर पडताळा घेतला, फरक 19 सेंटिमीटर आला. दोन शंका उरल्या आहेत. उंचीसाठीही याच जाळ्यावर अवलंबून राहता येईल का? आणि काम सुरू होण्याआधी सराव कशावर करावा?

लंबक

उंचीसाठी अवलंबून राहू नये. जीएनएसएस लंबगोलापासूनची उंची देते, पाणी मात्र भूसमोन्नतीप्रमाणे (जिऑइड, म्हणजे सरासरी समुद्रपातळीचा पृष्ठभाग) वाहते. आपल्या भागात या दोन पृष्ठभागांत साठेक मीटरचे अंतर आहे आणि लंबगोल वर असल्याने रिसीव्हरचा आकडा बेंचमार्कपेक्षा (उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेपेक्षा) कमी दिसतो. जागतिक प्रतिमानाने हे अंतर बरेचसे भरून काढता येते. तरीही नळाचा उतार 2000 मध्ये 1 असेल तर किलोमीटरला अर्धाच मीटर मिळतो आणि त्यात 5 सेंटिमीटरची शंका म्हणजे एक दशांश उतार गेला. म्हणून पहिल्या स्तरातील सर्व खांबांवरून ऑटो लेव्हलने दुहेरी लेव्हलिंग करावे. 12√के मिलिमीटरची (के म्हणजे किलोमीटरमधील अंतर) मर्यादा घेतली, तर 25 किलोमीटरला 60 मिलिमीटरच्या आत बंद व्हायला हवे. सुरुवात एका बेंचमार्कवरून करून शेवट दुसऱ्या बेंचमार्कवर करावा. जुने बेंचमार्क पूल किंवा रस्ता रुंद करताना हललेले असतात, त्यामुळे जवळच्या दुसऱ्या बिंदूशी पडताळल्याशिवाय एकावरही विसंबू नये. मग त्याच खांबांवर जीएनएसएस उंची आणि लेव्हल यांतील फरक काढावा. तो टोकापासून टोकापर्यंत सलग, मंद गतीने बदलला पाहिजे. मध्येच एखादा खांब उसळी मारत असेल, तर तिपाई यांनी सांगितलेली अँटेनाची उंची आधी तपासावी.

सरावाला उपकरण लागत नाही. तीन कॉर्स केंद्रांचा एका दिवसाचा डेटा रायनेक्स या सामायिक स्वरूपात उतरवून घ्यावा, एका केंद्राचे सहनिर्देशक माहीतच नाहीत असे समजावे आणि उरलेल्या दोहोंवरून ते काढावेत. आरटीकेलिब हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरते. नंतर तोच डेटा चार तास, एक तास, वीस मिनिटे असा कापून पाहावा, आणि एकदा मुद्दाम दुपारचा, एकदा पहाटेचा तुकडा घ्यावा. उत्तर कधी स्थिरावते आणि कधी डळमळते हे त्यातून कळते. किमान वर्गांचे (चुकांच्या वर्गांची बेरीज किमान करणारे) गणित मात्र एकदा तरी स्प्रेडशीटवर, चार खांबांच्या लेव्हलिंग जाळ्यावर, स्वतः सोडवावे. सॉफ्टवेअरच्या अहवालातील अवशेष (मोजलेले आणि जुळवलेले यांतील फरक) आणि विचरण गुणक यांचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.

मापिका

संस्थेकडून परवानगी मिळत असेल, तर हैदराबादला उप्पल येथे भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था आहे, तेथील अभ्यासक्रमांची चौकशी जरूर करावी. खांब बसवण्याआधी मात्र रेखांकनाच्या दोन्ही बाजूंची खोदाईची हद्द सल्लागारांकडून लेखी मागून घ्या. काळ्या कापसाच्या जमिनीत खांबाचा पाया वरच्या भेगाळणाऱ्या थराच्या खाली, मुरमापर्यंत नेला नाही, तर पावसाळ्यानंतर तो आपल्या जागेवर राहील याची खात्री कोणतेही ॲडजस्टमेंट देऊ शकत नाही.