नांगर आहे, स्वस्तिक नाही, म्हणजे पट्टा १९३५ च्या आधीचा?

दर्यावर्दी
'खलाशी७' यांनी काल ठोकून दिलं की जर्मन नौदल अधिकाऱ्याच्या जरीच्या पट्ट्याच्या बकलवर गरुड-स्वस्तिक नसेल तर तो राइश्समरीनचाच, म्हणजे १९३५ पर्यंतच्या जर्मन नौदलाचा. अहो, ओकच्या पानांच्या वेढ्यातला दोर गुंडाळलेला नांगर क्रीग्समरीनने, म्हणजे त्यानंतरच्या नाझी काळातल्या नौदलानेही, तसाच चालू ठेवला. अधिकाऱ्यांच्या या बकलवर गरुड नव्हताच! नक्षीवरून एवढंच कळतं की कैसरचा (जर्मन सम्राटाचा) मुकुट नाही, म्हणजे १९१८ नंतरचा. पुढचं सगळं मालावरून. जुनी चांदीची तार काळवंडते. १९३० च्या दशकात रुळलेली ॲल्युमिनियमची जर मळकट राखाडी होते, काळी पडत नाही. सरकती कडी बाजूला करून खालची जर बघा. तिथे ती उजळ हवी. कडीखालीही तेवढीच मळकट असेल तर पट्टा चहात बुडवून म्हातारा केलाय.

खलाशी७
मी 'बहुधा' म्हटलं होतं, ते सोयीस्कर गाळलंत. आणि विक्रेत्याने पट्टा मार्मागोव्यातल्या एहरेनफेल्स जहाजावरचा असल्याचं लिहून दिलंय. त्याचं काय?

दर्यावर्दी
त्याचं लोणचं घाला. एहरेनफेल्स मालवाहू जहाज. १९३९ पासून बंदरात अडकलं, मार्च १९४३ मध्ये बुडालं. व्यापारी जहाजावरच्या माणसाकडे नौदलाचा समारंभी पट्टा कुठून येणार?

पितळेचा_भाऊ
वाद कशाला? चिंच-मीठ चोळा. मुलामा असेल तर चमकेल, नसेल तर पितळ दिसेल. हाय काय अन् नाय काय.

नीरजा_पुणे
कृपया कुणीही असं करू नका!! टोंबाकवरचा (तांबं जास्त असलेल्या पितळेवरचा) मुलामा अगदी पातळ. मीठ चोळलं की नांगराची टोकं आणि पानांच्या कडा आधी उघड्या पडतात. आंबटाने पितळेतलं जस्त निघून गुलाबी छटा येते, ती जात नाही. खरी झीजही उंचवट्यांवरच असते, म्हणजे पुरावाच पुसलात. हिरवा गंज लाकडी टूथपिकने कोरडाच खरवडायचा, मग डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओला बोळा, लगेच कोरडं. जरीला हातही लावायचा नाही. सोड्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

पितळेचा_भाऊ
आमच्याकडे देवाची भांडी पिढ्यानपिढ्या चिंचेनेच घासतात. संग्राहकांचे नखरे!

नीरजा_पुणे
देवाच्या भांड्यांना मुलामा नसतो. आणि कुणी त्यांची तारीखही विचारत नाही.

पितळेचा_भाऊ
घासून शंभर वर्षं टिकली, हे तर मान्य कराल? काळा थर म्हणजे इतिहास, हे थोतांड आहे. मळ तो मळ.

नीरजा_पुणे
मळ कुठला? हुकाने अस्तरावर उमटवलेला डाग, लोकरीला लागलेली हिरवी छटा, हाच तर पट्टा आणि बकल एकत्र राहिल्याचा दाखला. बदललेलं बकल त्यावरूनच पकडतात. पूर्व जर्मनीच्या नौदलाच्या, म्हणजे फोल्क्समरीनच्या, पट्ट्याला नांगराचं बकल चढवलं असेल तर जुनी टाक्यांची छिद्रं आणि डाग नव्या हुकाशी जुळत नाहीत. तुम्ही घासून तेच धुऊन टाकणार.

खलाशी७
मूळ विषयावर येऊ का? यूव्ही दिवा मारा, शिवण चमकली की नकली. संपलं.

दर्यावर्दी
नाही संपलं. डिटर्जंटमध्ये ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे यूव्हीत चमकणारी पांढरेपणाची रसायनं, युद्धानंतर सर्रास आले. अस्सल पट्टा १९७० मध्ये कुणी धुतला असेल तर तोही चमकेल. सुटा धागा सापडला तर जाळून बघा: सुती राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी.

खलाशी७
पर्लॉन, म्हणजे नायलॉनसारखा कृत्रिम धागा, जर्मनीत १९३८ लाच शोधलं गेलं. मणी झाला म्हणून १९४५ नंतरचं, हेही तुमच्या चालीवरचं 'ठोकून देणं'च.

दर्यावर्दी
शोधलं ठीक, पण ते पॅराशूटकडे गेलं, शिंप्याकडे नाही. तरी बरं, यावेळी विक्रेत्याला साक्षीला आणला नाहीत. बकल मापा. अस्सलवरून साचा घेऊन ओतलेलं पितळ थंड होताना दीडेक टक्का आकसतं; ५० मिमीवर पाऊण मिमी. व्हर्निअरवर सहज कळतं. शिवाय अशा नकलेत दोराचे पीळ बुजलेले, पानांच्या शिरा गोलसर, पाठीवर बारीक छिद्रं. अस्सलचा हुक डाखलेला हवा. इपॉक्सी दिसलं तर पट्टा परत करा.

खलाशी७
मोजलं. ओळखीच्या अस्सल नगापेक्षा ०.७ मिमीने कमी. खूश?

पितळेचा_भाऊ
मग आता घासायला हरकत नाही ना?