टोंगा: केबल तुटलेली असताना स्टारलिंक बंद करायला लावणं योग्य होतं का?

दर्यावर्दी

जून २०२४ च्या अखेरीस भूकंपाने टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाची देशांतर्गत समुद्री केबल तुटली आणि वावाऊ व हापाई या बेटसमूहांचं इंटरनेट गेलं. काही लोकांनी आधीच उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकच्या डिश आणून बसवल्या होत्या, त्यांचं काम चालू राहिलं. मग जुलैत सरकारने कंपनीला कळवलं की तुमच्याकडे टोंगाचा परवाना नाही, सेवा बंद करा. वावाऊमधून मोठी ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत सरकारने तात्पुरती परवानगी दिली.

माझ्या मते पहिला आदेश बरोबर होता आणि माघार चुकीची.

टोंगाची लोकसंख्या जेमतेम एक लाख. दोन दूरसंचार कंपन्या: सरकारी टीसीसी आणि डिजिसेल. डिजिसेल २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टेल्स्ट्राने विकत घेतली, तीही बहुतांश ऑस्ट्रेलियन सरकारच्या पैशाने. फिजीपर्यंतची ८२७ किलोमीटरची केबल २०१३ मध्ये जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या मदतीने आली. तिच्या देखभालीचा खर्च याच लाखभर लोकांच्या बिलांतून निघायचा. हॉटेलं, बँका, मोठी दुकानं असे चांगले पैसे देणारे ग्राहक परस्पर आकाशातून सेवा घेऊ लागले, तर उरलेल्या कोळ्या-शेतकऱ्यांवर केबलचा सगळा बोजा पडेल.

दुसरं म्हणजे हक्क. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. मुख्य निकाल न्या. पी. बी. सावंत यांचा होता. सार्वजनिक मालमत्ता वापरायची तर आधी विचारायचं, हा नियम भारतासारख्या देशाला लागू आणि टोंगाला नाही, असं कसं? २०२१ मध्ये आपल्या दूरसंचार विभागानेही लोकांना सांगितलं होतं की स्टारलिंककडे परवाना नाही, पैसे भरू नका. कंपनीला आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले.

मीठभाकर

पूर्ण असहमत. भारताचं उदाहरण इथे बसतच नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये कुणाचं चालू इंटरनेट तुटलं नव्हतं.

जुलै ते ऑक्टोबर हा वावाऊमध्ये हंपबॅक देवमाशांचा हंगाम. देवमासे बघायला येणाऱ्या पर्यटकांवर तिथल्या बोटवाल्यांचं आणि घरगुती गेस्टहाऊसवाल्यांचं वर्षाचं गणित असतं. त्या महिन्यात केबल तुटलेली, बुकिंगचे मेल येत नाहीत, कार्डाने पैसे घेता येत नाहीत, आणि ज्या एका वाटेने काम चालू आहे तीच सरकार बंद करा म्हणतं. परवाना घेणं हे कंपनीचं काम, देणं हे खात्याचं. त्या दोघांच्या भानगडीत बोटवाल्याने का मरायचं?

आणि केबलवरच्या भरवशाबद्दल बोलायचं तर इतिहास बघा. जानेवारी २०१९ मध्ये जहाजाच्या नांगराने केबल तुटल्याचा संशय होता, जवळपास दोन आठवडे देश जगापासून तुटला. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट झाला. दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीहून आलं आणि फिजीची केबल जोडायला २२ फेब्रुवारी उजाडला. देशांतर्गत केबलला तर वर्षाहून जास्त काळ लागला. परदेशी असलेल्या मुलांना आईबाप जिवंत आहेत की नाहीत हे कळायला दिवसच्या दिवस लागले. ज्यांनी हे सोसलं त्यांनी घराच्या छपरावर डिश लावली तर मी त्यांना कायदा मोडणारे म्हणणार नाही.

किनारपट्टी

मीठभाकरशी सहमत. २०२२ मध्ये स्टारलिंकने दिलेले ५० संच सरकारने घेतले होते ना? तेव्हा चाललं आणि दोन वर्षांनी नाही?

दर्यावर्दी

@किनारपट्टी, तेव्हा सरकारने स्वतः घेतले, कुठल्या गावात बसवायचे याचा विचार सरकारी पातळीवर झाला. २०२४ च्या डिश परदेशातल्या खात्यांवर आणून लोकांनी आपापल्या लावल्या. या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

तरंगलांबी

उपग्रह संपर्काच्या क्षेत्रात नोकरी केली आहे म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटते आहे.

स्टारलिंकची घरगुती डिश साधारण १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झमध्ये ऐकते आणि १४ ते १४.५ मध्ये बोलते. ऐकण्याने कुणाला त्रास नाही. बोलण्याला परवाना लागतो, कारण त्याच पट्ट्यात बँकांच्या, जहाजांच्या, सरकारी कार्यालयांच्या जुन्या व्हीसॅट (उपग्रह संपर्काच्या) डिश ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांशी बोलतात. स्टारलिंकसारख्या खालच्या कक्षेतल्या उपग्रहांनी भूस्थिर सेवांना त्रास देऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजे आयटीयूने, शक्तीच्या मर्यादा ठरवल्या आहेत. वावाऊमधल्या मोजक्या डिशनी या मर्यादा ओलांडून कुणाचं नुकसान केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. त्यामुळे व्यत्ययाचं कारण पुढे करून तो आदेश समर्थनीय ठरणार नाही.

खरा मुद्दा बटणाचा आहे. कुठल्या देशावर सेवा चालू आणि कुठे बंद, हे कंपनी सॉफ्टवेअरने ठरवते. टोंगात बसून कुणालाही ते बटण दाबता येत नाही. जमिनीवरचं केंद्र दुसऱ्या देशात असेल तर माहितीची वाहतूकही तिथेच उतरते. अशा वेळी टोंगाच्या हातात उरतो एक कागद, परवाना. त्यात अटी घालता येतात: आपत्तीत सेवा तोडायची नाही, दर अचानक वाढवायचे नाहीत, रुग्णालयं आणि शाळांना जोडणी द्यायची. परवाना नसेल तर उद्या कंपनीने स्वतःच्या कारणाने वावाऊ बंद केलं, तर मीठभाकर, तुमच्या बोटवाल्याने कुणाकडे जायचं?

म्हणून माझं मत असं की परवाना मागणं शंभर टक्के योग्य, बंद करायला लावण्याची वेळ शंभर टक्के चुकीची. तात्पुरती परवानगी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती.

मीठभाकर

@तरंगलांबी, तुमचा प्रश्न योग्य आहे, आणि परवान्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो लोकांना ओलीस धरून कंपनीशी वाटाघाटी करण्याला.

दर्यावर्दी

पण दबाव आणायला छोट्या देशाकडे दुसरं काय आहे? टोंगाने स्वतः एकदा कागदाच्या जोरावर केवढी मजल मारली होती ते सांगतो. १९८८ पासून पुढच्या दोनेक वर्षांत या देशाने आयटीयूकडे भूस्थिर कक्षेतल्या १६ जागांवर दावा नोंदवला. स्वतःचा एकही उपग्रह नव्हता. पण नियम असा की जो आधी नोंदवतो त्याचा दावा आधी विचारात घ्यायचा, आणि त्या नियमापुढे अमेरिका व टोंगा सारखेच. इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह संस्थेने जोरदार विरोध केला, शेवटी निम्म्याहून कमी जागा टोंगाच्या पदरात पडल्या. त्या भाड्याने देऊन पैसा आला. पुढे १९९३ मध्ये १३४ अंश पूर्व रेखांशावरच्या जागेवरून इंडोनेशियाशी भांडणही झालं. एवढ्याशा देशाने नियमांच्या आधारे मोठ्यांना आपल्याशी बोलायला लावलं, ही मला अभिमानास्पद गोष्ट वाटते. तोच देश आपल्याच आकाशातल्या तरंगांवर पाणी सोडायला लागला तर त्याचा शब्द पुढे कोण मानेल?

आजीचा ट्रान्झिस्टर

दर्यावर्दी, टोंगासॅटची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या जागांचा व्यवहार ज्या टोंगासॅट या खासगी कंपनीकडे गेला तिच्यात राजकन्या पिलोलेवू तुइता मोठ्या भागधारक. चीनकडून २००८ आणि २०११ मध्ये मिळून सुमारे पाच कोटी डॉलर आले, त्यातला मोठा हिस्सा त्या कंपनीकडे वळला. पुढे पंतप्रधान झालेले अकिलिसी पोहिवा यांना त्यासाठी न्यायालयात जावं लागलं. देशाच्या नावाने मागितलेल्या जागा, आणि सामान्य टोंगनांच्या वाट्याला काय आलं? सार्वभौमत्व म्हटलं की मी आधी विचारते, परवान्याचा पैसा कुणाच्या खिशात जाणार.

आणखी एक. सगळे डिश आणि केबलवर भांडताहेत, रेडिओचं नाव कुणी घेत नाही. टोंगाचं सरकारी आकाशवाणी केंद्र मध्यम लहरींवर १०१७ किलोहर्ट्झला लागतं. एक उंच मनोरा, एक ट्रान्समीटर, आणि ऐकणाऱ्याकडे सेलवर चालणारा संच. लघुलहरींवर न्यूझीलंडची पॅसिफिक सेवा अजून बोलते. ऑस्ट्रेलियाने आपली लघुलहर सेवा जानेवारी २०१७ च्या शेवटी बंद केली. पाचच वर्षांनी हुंगाचा स्फोट झाला, तेव्हा बीबीसीला टोंगासाठी मुद्दाम लघुलहरींवर प्रसारण सुरू करावं लागलं. लहरींचं नियमन करायचंच तर आधी हे पट्टे आणि हे मनोरे जपा. वादळाच्या इशाऱ्याला कुणाचं मासिक बिल भरावं लागता कामा नये.

तरंगलांबी

@आजीचा ट्रान्झिस्टर, +१. फक्त एवढंच की रेडिओ एकतर्फी आहे. इशारा ऐकू येतो, पण गावातून मदत मागता येत नाही. त्यासाठी लघुलहरींवर बोलता येणारा एचएफ संच किंवा उपग्रह फोन लागतोच.

दर्यावर्दी

पैसा कुठे जातो हा आजींचा प्रश्न मला मान्य आहे. टोंगासॅटसारखं पुन्हा होऊ नये म्हणून परवान्याचं शुल्क वेगळ्या निधीत ठेवावं, तो केबलच्या दुरुस्तीला आणि केबल न पोचलेल्या बेटांना वापरावा, हिशेब संसदेत मांडावा. पण शुल्क येण्यासाठी आधी परवाना हवा, इथे मी ठाम आहे.

मीठभाकर

केबल न पोचलेली बेटं म्हणालात म्हणून लिहितो. देशांतर्गत केबल टोंगाटापू, हापाई, वावाऊ एवढीच. उत्तरेकडची निउआ बेटं तिच्यावर नाहीत. त्यातल्या निउआफोओ बेटाला बंदरच नाही. तिथली पत्रं एके काळी पत्र्याच्या डब्यात सील करून माणसं पोहत जहाजापर्यंत न्यायची, म्हणून जगात त्याचं नाव 'टिन कॅन आयलंड' पडलं. तिथल्या दवाखान्याच्या छपरावर डिश बसवायची असेल, तर राजधानी नुकुअलोफाहून परवाना येईपर्यंत थांबा असं तुम्ही त्यांना सांगाल का? मी नाही सांगणार. तुमच्या निधीतून पहिली डिश तिथे लागणार असेल तर शुल्काच्या बाजूने मीही मत देईन.