मदत हवी आहे: ईईपीरॉमवर फर्मवेअर चढतं, पण बोर्ड कोराच राहतो

तुटकी_तार
यूएसबीवाल्या मायक्रोकंट्रोलरचं फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) बाहेरच्या ईईपीरॉमवर (वीज गेली तरी माहिती जपणारी छोटी मेमरी चिप) टाकायचंय. रॅममध्ये टाकलं की एलईडी मस्त लुकलुकतो. ईईपीरॉमवर टाकलं की प्रोग्राम म्हणतो 'झालं', पण केबल काढून परत लावली की ये रे माझ्या मागल्या. केबल बदलली, पोर्ट बदललं, दुसरा संगणकही घेऊन पाहिला. लवकर सांगा कोणीतरी, उद्या हे दाखवायचंय.

अर्धवाहक
कुठली चिप? कुठला ईईपीरॉम? कुठला प्रोग्राम? ऑपरेटिंग सिस्टीम कुठली? आणि 'मागल्या' म्हणजे नेमकं काय दिसतं?

तुटकी_तार
चिप नेहमीचीच हो, स्वस्तातल्या लॉजिक अ‍ॅनालायझरमध्ये असते ती. ईईपीरॉम आठ पायांचा.

अर्धवाहक
आठ पायांचे सगळेच असतात. भिंगातून बघून नंबर टाका.
चिप सीवाय७सी६८०१३ए, म्हणजे एफएक्स२एलपी, आहे असं धरून चालतो. तिच्यात फ्लॅश नाहीच, नुसती १६ केबी रॅम. वीज मिळाली की ती आय-टू-सीवर (दोन तारांच्या जोडणीवर) ईईपीरॉम शोधते आणि त्यातला पहिला बाइट बघते. तो सी० (आकडे सगळे हेक्समध्ये) असेल तर फक्त व्हीआयडी-पीआयडी (यूएसबीवरचे कंपनीचा आणि वस्तूचा ओळख क्रमांक) उचलते. सी२ असेल तर मागचं सगळं फर्मवेअर रॅममध्ये भरून सुरू करते. यातलं काहीच नसेल तर आपली मूळ ओळख सांगते, ०४बी४:८६१३. तुम्हाला हाच आकडा दिसतोय का?

रिकामा_बफर
एवढा त्रास कशाला? आरपी२०४० हा दुसरा मायक्रोकंट्रोलर घ्या. बटण दाबून केबल लावली की पेन ड्राइव्हसारखा दिसतो, फाइल ओढून टाका, विषय संपला. तुमच्या चिपमधला ८०५१ प्रोसेसर आता संग्रहालयात ठेवा.

कथिलकाका
पहिला पाय कुठे जोडलाय ते बघ आधी. निम्म्या वेळा घोळ तिथेच असतो. २४सी०२ सारखा छोटा ईईपीरॉम असेल तर त्याचे तिन्ही अ‍ॅड्रेस पाय ग्राउंडला हवेत. २४सी६४ किंवा २४सी१२८ असेल तर ए० पाय (तोच पहिला) व्हीसीसीला, म्हणजे विजेच्या धन टोकाला, आणि उरलेले दोन ग्राउंडला. अ‍ॅड्रेस एका बाइटचा पाठवायचा की दोन बाइटचा, हे चिप यावरूनच ठरवते. छोटा काढून त्याच जागी मोठा बसवला आणि ए० तसाच ग्राउंडला राहिला, तर चिपला तो छोटाच वाटतो, मग ती भलतंच काहीतरी वाचते. आणि सातवा पाय, राइट प्रोटेक्ट (लिहिणं अडवणारा), ग्राउंडला आहे ना?

तुटकी_तार
हो, ०४बी४:८६१३च दिसतंय. नंबर २४सी१२८. ए० व्हीसीसीला आहे, सातवा ग्राउंडला. मीटरने तपासलं. आता पुढे बोला.

चिमटा_मास्तर
यूएसबीवरून ईईपीरॉम लिहायच्या भानगडीत पडूच नये. सीएच३४१एचा प्रोग्रामर (चिपवर थेट लिहिणारं यंत्र) आणि आठ पायांची क्लिप घ्या, थेट चिपवर लावा, लिहा, वाचून ताडून बघा. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

कथिलकाका
मास्तर, बोर्डावर बसलेल्या ईईपीरॉमला क्लिप लावली की वीज एफएक्स२लाही जाते. ती जागी होऊन त्याच दोन तारांवर बोलू लागते आणि तुमचा प्रोग्रामर गोंधळतो. ईईपीरॉम उपटून सॉकेटात घालणार असाल तर गोष्ट वेगळी.

चिमटा_मास्तर
मला कधी अडचण आली नाही.

कथिलकाका
तुमच्या बोर्डावर ईईपीरॉम वेगळा करणारा जंपर असेल, तो काढत असाल.

चिमटा_मास्तर
जंपर आहे. पण मुद्दा तो नाही.

अर्धवाहक
मुद्दा तोच आहे, पण असो. तार, ईईपीरॉमचे पहिले सोळा बाइट वाचून इथे टाका. आणि लिहिताना मदतनीस फर्मवेअर आधी रॅममध्ये टाकलं होतं का? चिपला स्वतःहून फक्त रॅममध्ये लिहून घेता येतं. ईईपीरॉमवर लिहायचं काम व्हेंड_एएक्ससारखं छोटं फर्मवेअर करतं, ते आधी चढवावं लागतं.

निशाचर_नोड
ईईपीरॉम पुन्हा पुन्हा लिहून खराब होईल अशी भीती असेल तर काढून टाका. २४एलसी मालिकेच्या माहितीपत्रकात १० लाख लेखन-फेऱ्या दिल्या आहेत आणि माहिती २०० वर्षांहून जास्त टिकते असं म्हटलंय. फक्त प्रत्येक पान (एका दमात लिहिला जाणारा तुकडा) लिहून झाल्यावर ५ मिलिसेकंद थांबायला हवं.

तुटकी_तार
@निशाचर, ती भीती कोणाला होती?
मदतनीस टाकला होता, त्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकतच नाही. पहिले बाइट: ०२ ०० ४६ ३२ ... पुढे असंच काहीबाही. लिनक्स आहे.

अर्धवाहक
सापडलं. ०२ ही ८०५१ची लांब उडीची सूचना आहे. म्हणजे हेक्स फाइलची सरळ बायनरी करून तुम्ही ती जशीच्या तशी ईईपीरॉमवर ओतली आहे. पहिला बाइट सी२ नाही, म्हणून चिप ईईपीरॉमकडे बघून न बघितल्यासारखं करते.
सी२चा साचा असा: पहिला बाइट सी२, मग व्हीआयडी, पीआयडी, डीआयडी (आवृत्तीचा क्रमांक) आणि आठवा बाइट कॉन्फिगचा. त्यातला सगळ्यात खालचा बिट १ केला तर आय-टू-सी ४०० किलोहर्ट्झवर चालतो. त्यानंतर तुकडे: लांबीचे दोन बाइट, पत्त्याचे दोन, मग मजकूर. शेवटी ८० ०१ ई६ ०० ०० हे पाच बाइट. त्यांच्यामुळे ई६०० या रजिस्टरमध्ये शून्य जातं आणि ८०५१ रीसेटमधून सुटतो. एक खोच लक्षात ठेवा, व्हीआयडी-पीआयडीचा खालचा बाइट आधी येतो (बी४ ०४ १३ ८६), पण लांबी आणि पत्त्याचा वरचा आधी. हाताने करत बसू नका, हेक्स२बिक्स हा प्रोग्राम याच साच्यातली आयआयसी फाइल करून देतो.

शून्य_एक
लिनक्स असेल तर यूएसबीटेस्ट मॉड्यूल (यूएसबी चाचणीचा ड्रायव्हर) काढून टाका. ०४बी४:८६१३ दिसलं की कर्नल ते आपणहून चिकटवतो आणि मग काही प्रोग्रामांना बोर्ड हातात येत नाही.

रिकामा_बफर
बघा, एवढं सगळं. आरपी२०४०मध्ये हे काहीच नाही.

शून्य_एक
आरपी२०४०चं यूएसबी १२ मेगाबिटचं, एफएक्स२एलपीचं ४८०. कॅमेऱ्याचा किंवा एडीसीचा (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपचा) डेटा ओतायचा असेल तर तुमचा पेन ड्राइव्ह काय करणार?

रिकामा_बफर
त्याला एलईडी लुकलुकवायचाय हो!

तुटकी_तार
आयआयसी करून लिहिली. आता तर बोर्डच गायब! ८६१३सुद्धा दिसत नाही. 'डिस्क्रिप्टर (बोर्डाची यूएसबीवरची ओळख) वाचता आला नाही, एरर -११०' येतो. पण एलईडी लुकलुकतोय. साहेब, आधी निदान दिसत तरी होता.

अर्धवाहक
लुकलुकतोय म्हणजे ईईपीरॉमवरून बूट झालं, तुमचं मूळ काम फत्ते. या फर्मवेअरमध्ये यूएसबीचा कोड आहे की नुसता एलईडी?

तुटकी_तार
नुसता एलईडी. चाचणीच तर करायची होती. रॅममधून चालवतो तेव्हा यूएसबी चालूच असतं की.

अर्धवाहक
तेव्हा यूएसबीवर उत्तरं चिपचं हार्डवेअर देतं, तुमचा कोड नाही. सी२वरून बूट झाली की चिप रीनम बिट १ करते, म्हणजे 'यापुढे फर्मवेअर बघेल' असं सांगून हार्डवेअर बाजूला होतं. संगणक विचारतो 'तू कोण', आणि तुमचं फर्मवेअर एलईडीत गुंग. खरं फर्मवेअर एफएक्स२लिब हा तयार कोडसंच घेऊन लिहा, डिस्क्रिप्टरचा सांगाडा त्यात तयार मिळतो.

तुटकी_तार
ते नंतर. आत्ता बोर्ड परत कसा आणू? यूएसबीच नाही तर लिहू कुठून?

चिमटा_मास्तर
क्लिप.

कथिलकाका
क्लिप नको. जंपर असेल तर तो काढ. नसेल तर ईईपीरॉमचा पाचवा पाय (एसडीए, माहितीची तार) चौथ्याला, म्हणजे ग्राउंडला, चिमट्याने टेकवून धर आणि तसंच धरून केबल लाव. ते दोन्ही पाय एकाच टोकाला समोरासमोर असतात. आठवा पाय मात्र व्हीसीसीचा, त्याला धक्का लावू नकोस. चिपला ईईपीरॉम दिसणार नाही आणि ८६१३ उगवेल. उगवलं की चिमटा काढ आणि मगच लिहायला घे. चिमटा टेकलेला असताना लिहिलंस तर ईईपीरॉमपर्यंत काहीच पोचणार नाही.

निशाचर_नोड
एसडीए असा ग्राउंडला टेकवल्याने चिप जळत नाही का?

कथिलकाका
नाही. ती ओपन ड्रेन आहे, म्हणजे चिप तार फक्त खाली खेचते, वर खेचायला फक्त पुल-अप रेझिस्टर असतो. त्यातून जाऊन जाऊन एक-दोन मिलिअँपिअर जाईल.

तुटकी_तार
आलं! ८६१३ दिसतंय. पण उद्यापर्यंत यूएसबीचा कोड लिहून होणार नाही. दुसरं काही?

अर्धवाहक
ईईपीरॉमवर सी०चे आठ बाइट लिहा, त्यात तुमचा वेगळा पीआयडी. बोर्ड त्या पीआयडीने उगवला की संगणकावरच्या स्क्रिप्टने एफएक्सलोड या प्रोग्रामकरवी रॅममध्ये फर्मवेअर टाका. सिग्रोक या लॉजिक अ‍ॅनालायझरच्या सॉफ्टवेअरचं एफएक्स२एलएएफडब्ल्यू फर्मवेअरही ईईपीरॉमला हात न लावता दर वेळी रॅममध्येच चढतं.

तुटकी_तार
चाललं. केबल लावली की दोन सेकंदात एलईडी सुरू. पण त्या प्रोग्रामने सी२ नसताना 'झालं' म्हणायचंच कशाला?

शून्य_एक
तो बाइट लिहितो, वाचत नाही. बाकी तो पीआयडी विकायच्या मालात वापरू नका, ०४बी४ हा व्हीआयडी सायप्रसचा आहे. २०२० पासून ती कंपनी इन्फिनिऑनकडे आहे.

तुटकी_तार
विकायचं नाहीये हो काही!

रिकामा_बफर
आरपी२०४० विकायलाही बरा पडला असता.