शब्दचर्चा : 'बीडीएल'ला 'निरंक' म्हणावं का?

सातरस्तेवाला
पाणी तपासणीचा एक अहवाल मराठीत करून देतोय. दोन जागी गाडं अडलंय. शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांना, म्हणजे 'एंडोक्राइन डिसरप्टर'ला मी 'अंतःस्रावी विघातक' लिहिलं, तर बायको म्हणाली, बाँबचं नाव वाटतंय. दुसरं, बिस्फिनॉल ए, नोनिलफिनॉल, इस्ट्रॅडिऑल या असल्या सगळ्या रसायनांपुढे 'बीडीएल' (बिलो डिटेक्शन लिमिट) छापलंय. तिथं सरळ 'निरंक' ठोकलंय. चालेल ना?

हिप्परग्याचा बगळा
नाही चालणार. निरंक म्हणजे रकान्यात भरायला काहीच नाही. बीडीएल म्हणजे यंत्राला दिसण्याइतकं नाही. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले आणि पिवळं झालं नाही, तर आपण 'क्लोरीन नाही' म्हणून मोकळे होतो. तिथं खपतं, इथं नाही.
युरोपने 2022 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी जी निरीक्षण यादी काढली, तिच्यात इस्ट्रॅडिऑलपुढे लिटरला 1 नॅनोग्रॅम हा आकडा आहे. आपली उजनी 117 टीएमसीची. ती काठोकाठ भरलेली असताना आख्ख्या धरणात सव्वातीन किलो मिसळलं की झाला लिटरला 1 नॅनोग्रॅम! आता समजा यंत्राला 10 च्या खालचं दिसतच नाही. मग 9 असले तरी अहवालात बीडीएलच येणार, आणि तुम्ही त्याचं निरंक करणार. 'आढळमर्यादेखाली' लिहा, आणि मर्यादा किती तेही शेजारी लिहा. आकडा नसेल तर तो शब्दही फुकटच.

चाटी गल्ली
'विघातक' मलाही नको. ही रसायनं काही फोडत नाहीत. हार्मोनला 'संप्रेरक' हा आपला शब्द नेमका आहे, कारण मूळ ग्रीक धातूचाही अर्थ चालना देणं असाच (स्टार्लिंगने 1905 मध्ये तो शब्द रूढ केला). इस्ट्रॅडिऑल या स्त्री-संप्रेरकाची जागा बळकावून नोनिलफिनॉल पेशीला खोटा हुकूम देतं. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला होता, तसंच. म्हणून 'तोतया संप्रेरक'.

हिप्परग्याचा बगळा
झकास, पण अपुरं. डीडीटीपासून होणारं डीडीई पुरुषी संप्रेरकाची जागा नुसतं अडवून बसतं, हुकूम देत नाही. तो तोतया नव्हे, वाटेत आडवी लावलेली बैलगाडी. 'संप्रेरकबाधक' घ्या. बाधा म्हणजे अडथळा, आणि बाहेरची बाधा झाली की माणूस दुसऱ्याच्याच आवाजात बोलतो. दोन्ही अर्थ एका शब्दात बसतात.

सातरस्तेवाला
बाधक पटलं. अजून एक. शुद्धीकरणाच्या आधीचं आणि नंतरचं पाणी दोन पद्धतींनी तपासलंय. एकीत यीस्ट आहे. दोन्हींना 'शोध' म्हणू?

चाटी गल्ली
नको, फरक बुडेल. त्या यीस्टमध्ये माणसाचा इस्ट्रोजेन-ग्राही (स्त्री-संप्रेरकाचा हुकूम घेणारा रेणू) बसवलेला असतो. इस्ट्रोजेनसारखं काही भेटलं की पिवळं द्रावण लाल होतं. कुणीतरी आलंय एवढं कळतं, कोण ते नाही. याला 'चाहूल चाचणी' म्हणा. नावानिशी सांगतं ते वस्तुमान वर्णपटमापक (मास स्पेक्ट्रोमीटर), ती 'ओळख'.
दोन्ही का लागतात तेही सांगतो. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेलं बरंचसं तसंच पुढे जातं. सक्रिय कोळसा पुष्कळ धरतो. ओझोन रेणू मोडतो, मग ओळखीच्या यंत्राला मूळ नाव सापडत नाही, पण तुकड्यांत लुडबुड शिल्लक असू शकते. ती चाहुलीतच कळते. मैलापाणी शुद्धीकरणात तर उलटंही होतं. सूत धुवायच्या काही द्रावणांतले इथॉक्सिलेट नावाचे साबणासारखे पदार्थ मोडून त्यांचंच नोनिलफिनॉल होतं, ते मूळ पदार्थापेक्षा वाईट. चादरी-टॉवेलांच्या गावात हे ठाऊक असावं.

सातरस्तेवाला
चाहूल आणि ओळख, दोन्ही घेतले. पण 'आढळमर्यादेखाली' रकान्यात मावत नाही. 'आ. म. खाली' करू?

हिप्परग्याचा बगळा
रकाना रुंद करा की!