कुत्र्याच्या वाडग्यात भाजी: गरज की आपली हौस?

शंकासूर:
थेट मुद्द्यावर येतो. हल्ली बघावं त्याच्या कुत्र्याच्या वाडग्यात गाजर, भोपळा नाहीतर ब्रोकोली. फोटो छान येतो, मान्य. पण कुत्र्याचे सुळे बघा, आखूड आतडं बघा. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं विकर नाही. क जीवनसत्त्व तो स्वतःच्या यकृतात बनवतो. मग भाजी नेमकी कशाला? आमच्या कुत्रीला महिनाभर गाजराचे तुकडे घातले. जसे आत गेले तसेच बाहेर आले, रंगसुद्धा उतरला नाही. संतुलित डॉगफूड देत असाल तर वरून भाजी ही आपली हौस. पटत नसेल त्यांनी भांडावं, धागा त्यासाठीच काढलाय.

टिप्याची मावशी:
भांडायलाच आलेय. लाळेचं खरं आहे, पण स्वादुपिंडाला विसरलात. २०१३ साली ‘नेचर’मध्ये लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकांची तुलना आली होती. स्वादुपिंडात ॲमिलेज, म्हणजे तेच पिष्ट पचवणारं विकर, बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती, कुत्र्यांत ४ ते ३०. हजारो वर्षं माणसाचं उष्टंमाष्टं खाल्ल्यावर पोट बदलणारच की! आणि गाजर अख्खं बाहेर पडलं यात गाजराचा काय दोष? कुत्रा चावत बसत नाही, गिळतो. वाफवून कुस्करून द्या. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून कुत्रा अ जीवनसत्त्व बनवू शकतो, मांजराला ते जमत नाही. निसर्गाने ही सोय उगाच ठेवली का?

शंकासूर:
मावशी, गाजरात पिष्ट असतं किती? तुमचा जनुकांचा मुद्दा रताळ्याला लागू, ब्रोकोलीला नाही. आणि अ जीवनसत्त्व डॉगफूडमध्ये आधीच मोजून घातलेलं असतं. ‘पचवता येतं’ आणि ‘लागतं’ यात फरक आहे.

बोलघेवडा:
नावाला जागून घेवड्याची बाजू घेतो. आमचा लॅब्राडोर ओंडक्यासारखा झाला होता. खाणं कमी केलं की रात्रभर वाडगा आपटायचा. व्हेटने सांगितलं, रोजच्या खाण्यातला थोडा भाग काढा आणि तिथे उकडलेली फरसबी घाला, बिनमिठाची. १०० ग्रॅम फरसबीत जेमतेम ३० कॅलरी. पोट भरलेलं वाटतं, वाडगा आपटणं थांबलं, वजन उतरलं. त्याला हौस म्हणा नाहीतर काही म्हणा. एकच सांगतो, हे मनाने महिनोन् महिने करू नका. खाणं फार कापलं की प्रथिनंही कापली जातात, मग चरबीबरोबर स्नायूही झडतात.

रात्रपाळी:
प्राण्यांच्या दवाखान्यात बरीच वर्षं रात्रीची ड्युटी केली. तुम्ही गाजरावर भांडताय. आमच्याकडे रात्री दोन वाजता गाजर खाल्लेला कुत्रा कधी आला नाही. यायचे ते कांदा खाल्लेले. आणि मालक काय म्हणायचे? ‘कच्चा नव्हता हो, शिजवलेला होता.’ कांदा शिजवा, वाळवा, पूड करा, विष जात नाही. पूड तर जास्त वाईट, कारण पाणी उडून गेलेलं असतं. कांद्यातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशींवर हल्ला करतात, पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. फसवं हे की उलटी-जुलाब लगेच दिसले तरी रक्ताचा परिणाम दिसायला बहुधा काही दिवस जातात. तोवर मालक विसरलेला असतो. हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद तांबूस, कुत्रा मलूल आणि धापा टाकतोय, असं दिसलं तर त्याने काय काय खाल्लं ते आठवा. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी धोक्याचा धरतात. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम. मध्यम कांद्याचा अर्धा भागही पुरतो. भाज्या द्या, पण स्वतःसाठी परतलेली भाजी वाडग्यात ओतू नका.

जुनं ते सोनं:
कांद्याचं ठीक. पण लसणाला बदनाम करू नका. आजोबा कुत्र्याला रोज पाकळी द्यायचे, गोचीड जवळ यायची नाही. चौदा वर्षं जगला.

रात्रपाळी:
चौदा वर्षं जगला, आनंद आहे. लसणामुळे जगला की लसूण खाऊनही जगला, हे कसं ठरवणार? लसूण कांद्याच्याच कुळातला, आणि ग्रॅमला ग्रॅम धरलं तर त्याच्या तीन ते पाच पट जहाल मानतात. मोठ्या कुत्र्याने एखादी पाकळी उचलली तर घाबरून धावत येऊ नका, पण रोजची सवय लावणं वेगळं. अकिता, शिबा यांसारख्या जपानी जातींना तर हे फार लवकर बाधतं. गोचीड जाते याला भक्कम पुरावा नाही. त्यासाठी चांगली औषधं आहेत.

जुनं ते सोनं:
तुम्ही औषधवालेच, तुम्ही दुसरं काय सांगणार.

टिप्याची मावशी:
रात्रपाळी, इथे मी तुमच्या बाजूने. पण शंकासूर, ‘गरज नाही’ म्हणजे ‘देऊ नका’ असं होत नाही. बिस्किटाचीही गरज नाही, ती तुम्ही देताच ना? वरच्या खाऊला दिवसाच्या कॅलरींपैकी १० टक्के ही मर्यादा धरतात. १० किलोच्या कुत्र्याला साधारण ६०० कॅलरी लागतात, त्यातल्या ६० वरखर्चाला. तेवढ्यात दीडशे ग्रॅम गाजर बसतं. एवढं एकदम देऊ नका, पोट बिघडेल. चमचाभरापासून सुरू करा. बिस्किटं त्याच ६० कॅलरींत चार-दोनच बसतील.

शंकासूर:
बिस्किटाच्या जागी गाजर, हे पटलं. पोषणाची जादू म्हणून नाही पटलं. आणि एक राहिलंच: मागे कधीतरी कुत्रीला मुतखडा झाला होता, कॅल्शियम ऑक्झलेटचा. तिला पालक चालेल का?

रात्रपाळी:
पालक नको, बीटही नको, दोन्हींत ऑक्झलेट भरपूर. बाकीचं तिच्या व्हेटला विचारून ठरवा. बटाट्याचा हिरवा भाग आणि कच्चा हिरवा टोमॅटो कुठल्याच कुत्र्याला नको. आणि मक्याचे उकडलेले दाणे द्या, बुरकुंडा देऊ नका. आतड्यात अडकला की पोट उघडावं लागतं. एका रात्रीत असे दोन आले होते.