कलर सॉर्टर आला म्हणून लेंथ ग्रेडर भंगारात?

गिरणीकर: काल इथे तांदळाच्या गिरणीबद्दल कुणीतरी ठोकून दिलं, "कलर सॉर्टर बसवा, लेंथ ग्रेडर भंगारात घाला. कॅमेरा सगळं बघतो." डोकंच फिरलं. अहो, सॉर्टर वेगळ्या रंगाचा दोषी दाणा कॅमेऱ्यानं हेरून हवेच्या फटक्यानं उडवतो. कणीनं भरलेला माल त्याच्यावर सोडलात तर एजेक्टर, म्हणजे हवेचा फटका मारणारे व्हॉल्व्ह, सारखे फटफटत राहणार आणि कणीच्या शेजारचा चांगला दाणाही रिजेक्टमध्ये जाणार. ग्रेडरचा ड्रम नुसता फिरतो. आतल्या खळग्यात कणी बसते, वर जाऊन पन्हाळीत पडते. अख्खा दाणा खळग्यात मावत नाही, लवकर घसरतो. ना कॅमेरा, ना हवा. लांबीचं काम ग्रेडरचं, रंगाचं सॉर्टरचं.

यंत्रवेडा: ते वाक्य माझंच. तुम्ही जुन्या मशीनवर अडकलाय. आताचे सॉर्टर आकार आणि लांबीही ओळखतात. तुमच्या ड्रमचे खळगे झिजतात ते कोण बघतं? ग्रेडरखालचा 'अख्खा' तांदूळ मूठभर घ्या आणि तुकडे मोजा.

गिरणीकर: ओळखतात हो, पण मग मशीनचा वेग किती खाली आणावा लागतो तेही लिहा की! आणि तुकडे राहतात ते पन्हाळीच्या कोनामुळे. कड वर घेतली तर बारीक कणीच निघते, खाली घेतली तर अख्खा दाणाही कणीत. ऑपरेटर सीझनभर हात लावत नाही, खापर मात्र ग्रेडरवर.

हवाबाज: भांडा तुम्ही. पण एजेक्टरला हवा कसली देता? आमचा सॉर्टर चांगला माल फेकायला लागला. सर्व्हिसवाला म्हणाला, बोर्ड बदला. मी एअर फिल्टरची वाटी उघडली, तर तळाशी पिवळट तेलकट पाणी! कॉम्प्रेसरचा हवा सुकवणारा ड्रायर बंद, टाकीचा ड्रेन कधी उघडलेलाच नाही.

यंत्रवेडा: कॉम्प्रेसरचा इथे काय संबंध?

हवाबाज: काय संबंध?? दाब पडला की फटका कमजोर, काळा दाणा तसाच पुढे. व्हॉल्व्ह चिकटला की फटका उशिरा, मार मागच्या चांगल्या दाण्याला. मग तुम्ही सेन्सिटिव्हिटी वाढवता आणि आणखी चांगला माल फेकता. सॉर्टरच्या कॅमेऱ्यापुढच्या काचेवर कोंड्याचा थर असेल तर बोलायलाच नको.

कोंडाप्रेमी: एवढा पांढराशुभ्र तांदूळ हवाच कशाला? कोंड्याबरोबर ब१ जीवनसत्त्व जातं. पॉलिश केलेल्या तांदळावर कोंबड्या लुळ्या पडतात, हे डच डॉक्टर आइकमाननं दाखवलं. त्याला १९२९ चं नोबेल मिळालं, आणि तुम्ही अजून चकाकी मोजताय!

हवाबाज: पॉलिशचा वेगळा धागा काढा. इथे कॉम्प्रेसर चाललाय.

गिरणीकर: कॉम्प्रेसर नाही, ग्रेडर चाललाय!

वाळवणवाली: दोन्ही मशीनं कणी वेगळी काढतात, कमी कुणीच करत नाही. भात घाईनं तापवून वाळवला किंवा वाळलेल्या भाताला पुन्हा ओल लागली की दाण्याला आडवी चीर जाते. तूस काढून दाणा उजेडासमोर धरा, दिसेल. पॉलिशरमध्ये तो तिथेच मोडतो. ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास आणायचा, पण मध्ये विसावा देत. हे सांगितलं की आमचे मिलवाले हसायचे आणि कणीची पोती दाखवून भाव पाडायचे.

यंत्रवेडा: घ्या, आता भातही आमच्यामुळेच तडकतो! बरं, जास्त कणीच्या मालाला ग्रेडर सॉर्टरच्या आधी ठेवा. झालं समाधान? पण कमी कणी असेल तर मी तो बायपासच करणार.

गिरणीकर: करा की. फक्त रिजेक्ट दुसऱ्यांदा फिरवताना त्यात अख्खा दाणा किती निघतो ते तोलून इथे टाका.

हवाबाज: तोलण्याआधी टाकीचा ड्रेन उघडा.