मदत हवी आहे : आठवीला घनवादी (क्युबिस्ट, म्हणजे एकाच चित्रात अनेक बाजू दाखवणारा) चेहरा कसा शिकवू?

चोपडा तालुक्यात चित्रकला शिकवतो. आठवीचे ४८ जण, ३५ मिनिटांचा तास, प्रोजेक्टर नाही. तैलखडू आणि ड्रॉइंग पेपर एवढंच. पिकासोची १९३७ ची 'रडणारी स्त्री' आणि हुआन ग्रिसनं १९१२ मध्ये केलेलं पिकासोचं व्यक्तिचित्र, दोन्ही छापून दाखवली. पोरांनी साधा चेहरा काढून वर पट्टीनं रेघा मारल्या. फुटलेला आरसाच! (एलिमेंटरी चित्रकला परीक्षेतल्या भूमितीची सवय, दुसरं काय.) मग शेजाऱ्याचा चेहरा समोरून आणि बाजूनं काढून, कापून चिकटवायला लावला. एकीचं बाजूचं नाक समोरच्या दोन डोळ्यांमध्ये झकास बसलं, बाकीच्यांचा नुसता कोलाज. कात्र्याही सहाच.

कात्री-पट्टीशिवाय, एकाच कागदावर दोन्ही बाजू आणायच्या तर सुरुवात कुठून करून द्यावी, नाकाच्या रेषेपासून की डोळ्यांपासून?